पोशाखाचा हंगाम

कमोगी हा खेळ बार्शीटाकळीत कोणी खेळत नाही. खेळायचं मनात आणलं तरी त्याची काठी अकोल्याच्या स्पोर्ट्सच्या दुकानात मिळायची नाही, चेंडूही नाही. मग अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या, जुन्या हेमाडपंती देवळासाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्याच्या गावात बसून आयर्लंडमधल्या बायकांच्या एका खेळावर, त्यातही एकाच हंगामावर, २०२५च्या, पानंच्या पानं कशाला लिहायची, असं कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर इथंच दिलेलं बरं, कारण पुढच्या पानांत सामने आहेत, गुण आहेत, जिभेला वळण न पडलेली नावं आहेत. तिथं थांबून कारण सांगत बसायला सवड नाही.

आधी खेळ काय आहे ते सांगतो. कमोगी म्हणजे हर्लिंग या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाचं बायकांचं रूप. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा जणी. हातात ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची, टोकाशी पसरट होत गेलेली काठी; तिला हर्ली म्हणतात. चेंडू चामड्याचा, शिवण मुद्दाम उठावदार ठेवलेला. त्याचं नाव स्लिटर. हॉकी पाहायची सवय असलेला माणूस पहिल्या दोन मिनिटांतच बावचळतो. हॉकीत चेंडू धोकादायक उंच उडाला की पंचाची शिट्टी वाजते, इथं चेंडू बहुतेक वेळ हवेतच असतो. तो हातात झेलता येतो, काठीच्या पसरट टोकावर तोलून धरत पळता येतं, आणि पळता पळता उडवून अर्ध्या मैदानापलीकडे भिरकावता येतो. काठ्या एकमेकींवर आपटतात, डोक्याच्या उंचीवरून फिरतात. म्हणून हेल्मेट आणि तोंडापुढची जाळी सक्तीची. मोठ्या गटाचा सामना साठ मिनिटांचा.

गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीच्या वरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण. फलकावर दोन्ही वेगवेगळे लिहितात. १-१४ म्हणजे एक गोल आणि चौदा गुण, एकूण सतरा. एवढं डोक्यात बसलं की पुढची पानं सरळ वाचता येतील. नाही बसलं तर काही कळायचं नाही. २०२४च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्याचा निकाल होता कॉर्क १-१६, गॉलवे ०-१६. या दोन्ही जिल्ह्यांच्या संघांनी दांडीवरून सोळा-सोळा वेळा चेंडू पाठवला आणि कॉर्कच्या एका गोलानं कप नेला. हे आकडे लक्षात असू द्यावेत. पुढच्या वर्षी हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर यायचे होते.

या खेळाचा जन्म कसा झाला हे वऱ्हाडच्या वाचकाला फार परकं वाटणार नाही. १८८४ साली थर्ल्स या गावात गेलिक ॲथलेटिक असोसिएशन निघाली. इंग्रजांचे खेळ गावोगाव पसरत होते, त्यांच्यापुढे आपले खेळ नियम बांधून, संघटना करून उभे करायचे, हा तिचा हेतू. त्या उठावात बायकांना जागा नव्हती. वीसेक वर्षांनी डब्लिनमध्ये आयरिश भाषेच्या वर्गांना जाणाऱ्या मुलींनी स्वतःसाठी हर्लिंगवरून खेळ बेतला. १७ जुलै १९०४ रोजी नवन या गावी त्याचा पहिला जाहीर सामना झाला. त्याच सुमारास संघटना उभी राहिली आणि मॉइरा नी खिनेडे ही तिची पहिली अध्यक्ष झाली. ती भाषेच्या चळवळीतली बाई, लेखिका. पुढे पेग सेयर्स या खेड्यातल्या म्हातारीचं आत्मचरित्र संपादित करून तिनं आयरिश साहित्यातही नाव मिळवलं. दहा वर्षांनी, १९१४ साली, अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचं पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं आणि १९३६ साली त्याचा चमू बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. अमरावती आणि डब्लिन यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण दोन्हीकडे वारं एकच वाहत होतं. परक्या राज्यात शरीर कमवणं आणि आपले खेळ जपणं हे तेव्हा राजकारणच होतं. अशा चळवळीत बायका आल्या की त्यांच्या वाट्याला खेळ येतो तो जरा कापून, बेतून, लहान करून. हे पुन्हा दोन्हीकडे सारखंच.

कमोगीच्या नियमांचा इतिहास या नजरेनं वाचावा. सुरुवातीला सामना चाळीस मिनिटांचा आणि मैदान पुरुषांपेक्षा लहान. संघात बारा जणी. १९३४ साली वेळ पन्नास मिनिटं झाली. १९२९ ते १९७९ अशी पन्नास वर्षं गोलाच्या खांबांना वर आणखी एक आडवी दांडी होती. चेंडू तिच्याही वरून गेला तर गुण नाही. म्हणजे बाईनं चेंडू फार उंच मारला तर तो फुकट! हा नियम कोणाच्या डोक्यातून निघाला असेल याचं मला अजून कुतूहल आहे. पंधरा जणींचा संघ १९९९ साली आला. ‘बायकांना झेपेल एवढंच’ असं म्हणून आधी कुंपण घातलं आणि मग जवळजवळ शंभर वर्षं त्यातला एकेक काटा काढत बसले. सामन्यात घालायचा सक्तीचा स्कर्ट मात्र तसाच राहिला.

या काळात खेळाडू काही कमी झाल्या नाहीत. अखिल आयर्लंड अजिंक्यपदाचा ओडफी कप १९३२पासून खेळला जातो. पहिला डब्लिननं जिंकला. १९४८ ते १९६६ या एकोणीस वर्षांत अठरा वेळा तो डब्लिनकडेच गेला. मधल्या एका वर्षी, १९५६ साली, अँट्रिमनं खीळ घातली तेवढीच. डब्लिनच्या के मिल्सकडे अजिंक्यपदाची पंधरा पदकं होती. किलकेनीनं १९८५ ते १९९१ सलग सात वर्षं कप सोडला नाही. त्या संघातल्या अँजेला आणि ॲन या जुळ्या डाउनी बहिणींनी बारा-बारा पदकं मिळवली. यातल्या अँजेलाचा एक किस्सा आयर्लंडमध्ये अजून चवीनं सांगतात. १९८९चा अंतिम सामना, समोर कॉर्क. अँजेला चेंडू घेऊन गोलाकडे सुसाट निघाली. अडवणाऱ्या खेळाडूच्या हाती लागला तो तिचा स्कर्ट, आणि तो निघालाच. अँजेला थांबली नाही. तिनं आधी गोल केला, स्कर्टचं नंतर पाहिलं. किस्सा सांगणारे हसतात, ऐकणारेही हसतात. नियम मात्र पुढची छत्तीस वर्षं हलला नाही.

आता २०२५कडे येऊ. कमोगीच्या नियमपुस्तिकेत खेळाडूनं स्कर्ट, स्कोर्ट किंवा दुभागलेला स्कर्ट घालावा असं बंधन होतं. स्कोर्ट म्हणजे आत अर्धी चड्डी आणि वरून स्कर्टसारखा पडदा. गंमत अशी की सरावाला त्याच मुली साध्या अर्ध्या चड्डीत, शॉर्ट्समध्ये उतरायच्या. वर्षभर एका कपड्यात तयारी करायची आणि सामन्याच्या दिवशी दुसरा चढवायचा. २०२४च्या वार्षिक अधिवेशनात हा नियम बदलायचे ठराव आले आणि पडले. एकदा पडलेला विषय तीन वर्षं पुन्हा आणता येत नाही, म्हणजे २०२७पर्यंत वाट पाहणं आलं. २०२५च्या वसंतात खेळाडूंच्या संघटनेनं जिल्हा संघांतल्या मुलींची पाहणी केली. ७० टक्के मुलींनी स्कोर्टमध्ये अवघडल्यासारखं होतं असं सांगितलं आणि ८३ टक्के मुलींना निवड हवी होती.

३ मे रोजी लेन्स्टर प्रांताचा उपांत्य सामना होता, डब्लिन विरुद्ध किलकेनी. दोन्ही संघ ठरवून शॉर्ट्समध्ये मैदानावर आले. एकमेकींच्या विरुद्ध खेळायला आलेल्या तीसेक मुली एका रांगेत उभ्या राहिल्या, फोटो काढला. पंचांनी सांगितलं, पोशाख बदला, नाहीतर सामना होणार नाही. मुली आत गेल्या, स्कोर्ट चढवून बाहेर आल्या आणि खेळल्या. डब्लिनची कर्णधार ॲश्लिंग मार सामन्यानंतर जे बोलली ते देशभर पसरलं. पुढच्या आठवड्यात मन्स्टर प्रांताचा अंतिम सामना होता, कॉर्क विरुद्ध वॉटरफर्ड. तिथल्या मुलींनीही शॉर्ट्स घालणार असं कळवून टाकलं. सामन्याच्या तोंडावर संघटनेनं तो पुढे ढकलला. राजकारणी बोलू लागले, वर्तमानपत्रांची पहिली पानं भरली, आणि अध्यक्ष ब्रायन मोलॉय यांनी विशेष अधिवेशन बोलावलं. २२ मे रोजी क्रोक पार्क या स्टेडियममध्ये मतदान झालं. ९८ टक्के मतं निवडीच्या बाजूनं पडली. त्याच मध्यरात्रीपासून खेळाडूला स्कोर्ट किंवा शॉर्ट्स, हवं ते घालायची मुभा मिळाली.

हे सगळं एका महिन्याच्या आत घडलं. ज्या अधिवेशनात आदल्या वर्षी ठराव पडले तिथंच पुढच्या वर्षी अठ्ठ्याण्णव टक्के. मतं इतक्या वेगानं बदलत नाहीत. मला वाटतं, मतं बहुधा तीच होती. बदलला तो प्रश्न. २०२४ साली प्रश्न होता, परंपरा ठेवायची की सोडायची. २०२५ साली प्रश्न झाला, हंगाम खेळवायचा की बंद पाडायचा. ठरावाच्या भाषेत वर्षानुवर्षं जे निघालं नाही ते दोन कर्णधारांनी संघ एकत्र उभे केल्यावर निघालं.

इथं एक सोपी गोष्ट रचण्याचा मोह होतो: खडूस म्हाताऱ्या पुरुषांनी मुलींना स्कर्टात कोंडलं आणि मुलींनी बंड केलं. तशी गोष्ट छापायला छान, पण ती खरी नाही. कमोगीची संघटना पहिल्यापासून मुख्यतः बायकांनी चालवलेली. अधिवेशनात हात वर करणाऱ्यांत स्वतः एकेकाळी खेळलेल्या, पुढे क्लब चालवलेल्या, शनिवार-रविवार दुसऱ्यांच्या लेकींना मैदानावर नेऊन आणलेल्या बायका होत्या. त्यांच्या तरुणपणी हा खेळ पुरुषांच्या हर्लिंगची सावली समजला जाई. वेगळा पोशाख हे त्यांच्या लेखी खेळाच्या वेगळेपणाचं निशाण होतं. हा युक्तिवाद मला पटत नाही, पण कळतो. आपल्याकडेही सासूनं जो त्रास सोसला तोच सुनेला रीत म्हणून सांगितला जातो, आणि सांगताना तिच्या मनात दुष्टपणा असतोच असं नाही.

कपड्यांवरून अशी भांडणं जगभर झाली आहेत. २०२१ साली नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघानं बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून दंड झाला, आणि त्याच वर्षी तो नियम बदलला. विम्बल्डनमध्ये पांढऱ्या स्कर्टखाली गडद रंगाची अंतर्वस्त्रं चालू लागायला २०२३ उजाडलं. या दोन्हींपेक्षा कमोगीचं प्रकरण मला आपल्या जवळचं वाटतं. नॉर्वेच्या मुली आंतरराष्ट्रीय संघाच्या, विम्बल्डनच्या बायका कोट्यधीश. कमोगीच्या मुलींना खेळाचा पगार नाही. त्या शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, कॉलेजात शिकतात; आठवडाभर काम करून संध्याकाळी सरावाला येतात. खेळतात त्या आपल्या गावाच्या क्लबसाठी आणि मग आपल्या जिल्ह्यासाठी. हा साचा वऱ्हाडात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या शालेय खेळांची शिडीही तशीच आहे. आधी तालुकास्तर, मग जिल्हास्तर, मग अमरावती विभाग, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम आणि यवतमाळ, आणि मग राज्य. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे गट. पावसाळ्यात मैदान चिखलानं भरलेलं असतानाच तालुक्याचे सामने सुरू होतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल. चौदाच्या गटात पोरींची कमी नसते. संघाबाहेर राहिल्या म्हणून रडणाऱ्याही असतात. एकोणीसच्या गटाला येईपर्यंत मात्र संघ पुरा करताना क्रीडाशिक्षकाची दमछाक होते. मधल्या वर्षांत पोरी कुठं गेल्या हे शोधायला समिती नेमावी लागत नाही. एखाद्या घराच्या ओसरीवर दहा मिनिटं बसलं की कळतं. “काहून वं, आता मोठी झाली ना ते, आता काय उघड्या पायानं खेयाले पाठवता तिले?” हे आजी म्हणते. बाप म्हणतो, परतीची बस अंधारात आहे. आई काही म्हणत नाही, कारण मैदानावर मुलींसाठी धड मोरी नाही हे तिलाच ठाऊक असतं. पोरगी विभागात हरत नाही, राज्यात हरत नाही. तिचा खेळ घरच्या ओसरीवरच संपतो, आणि तिथं कोणी गुणफलक लावत नाही.

यात कपड्याचा वाटा किती, हे टक्क्यांत मांडता येणार नाही. पण तो आहे. म्हणून ‘निवड’ या शब्दावर मी जरा रेंगाळतो. क्रोक पार्कमध्ये शॉर्ट्स सक्तीची झाली नाही. स्कोर्ट घालायचा तिनं अजूनही घालावा. हे आपल्याकडे लागू करायचं तर निवडीचा रस्ता दोन्ही दिशांना उघडा ठेवावा लागेल. बार्शीटाकळीत मराठी शाळा आहेत, उर्दू शाळा आहेत. एखादी मुलगी शॉर्ट्समध्ये खेळेल, एखादी आत पायघोळ लेगिंग घालील, एखादी डोक्याला रुमाल बांधील. फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं डोक्यावरच्या आच्छादनाला २०१४ साली परवानगी दिली, बास्केटबॉलनं २०१७ साली. पाय झाकल्याशिवाय घरून परवानगी मिळत नसेल तर झाकून खेळू द्या, आणि झाकल्यानं धावता येत नसेल तर उघडे ठेवून. पोरगी मैदानावर आली पाहिजे. बाकीचं पंचानं पाहावं ते एवढंच, की कपड्यानं कोणाला इजा होत नाही ना.

हातात काठी असलेल्या बायकांच्या खेळाची आपली परंपरा हॉकीची, आणि त्या वाटेवर आयर्लंड आपल्याला भेटलेला आहे. २०१८ साली लंडनला महिला हॉकीचा विश्वचषक झाला. गटात आयर्लंडनं भारताला १-० हरवलं. मग उपांत्यपूर्व फेरीत २ ऑगस्टला पुन्हा गाठ पडली. पूर्ण वेळ गोल नाही, आणि शूटआउटमध्ये आयर्लंड ३-१ असं जिंकलं. हा संघ पुढे थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथं नेदरलँड्सनं सहा गोल घालून त्यांना हरवलं ते सोडा. नोकऱ्या आणि शिक्षण सांभाळून खेळणाऱ्या त्या मुली जगात दुसऱ्या आल्या होत्या. तीन वर्षांनी टोकियोत भारतानं गटात आयर्लंडला १-० हरवून हिशेब थोडा चुकता केला. नवनीत कौरचा तो गोल सामना संपायला तीन मिनिटं असताना झाला. आणि २ ऑगस्टलाच, लंडनच्या पराभवाला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, गुरजीत कौरच्या गोलावर ऑस्ट्रेलियाला हरवून भारत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत गेला. शेवटी चौथं स्थान मिळालं, १९८०च्या मॉस्कोसारखंच. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार एलायझा नेल्सन ही पुण्याची. आज फलटण तालुक्यातली वैष्णवी फाळके भारताकडून खेळते. म्हणजे महाराष्ट्रात काठी हातात घेणाऱ्या मुली आहेत. वऱ्हाडात त्या कमी आहेत, कारण हॉकीला लागणारं मैदान आणि साहित्य इथल्या शाळांच्या आवाक्याबाहेरचं. कबड्डीला आखलेल्या रेघा पुरतात. खो-खोला दोन खांब.

खो-खोचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला नमवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. या दोन तारखांच्या मधे, आपल्या वर्तमानपत्रांत फारसा न दिसता, कमोगीचा हंगाम सुरू होऊन संपला. महिला खेळांच्या दृष्टीनं २०२५ हे वर्ष फार मोठं होतं असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर दोन झळाळते कप असतात. त्या वर्षाच्या मे महिन्यातली ती तीसेक मुलींची रांगही त्यात धरावी, एवढीच माझी विनंती आहे.

हंगामाचा क्रम असा. थंडी सरता सरता राष्ट्रीय लीग. एप्रिल-मेमध्ये प्रांतांचे सामने. उन्हाळ्यात अखिल आयर्लंडच्या गटवार लढती. ऑगस्टमध्ये क्रोक पार्कला अंतिम सामना. त्या पटांगणात ८२ हजार माणूस मावतो, पण कमोगीला तेवढा येत नाही. जिल्ह्यांचं संपलं की मुली आपापल्या गावच्या क्लबात परततात आणि हिवाळ्यापर्यंत तिथं खेळतात. पुरुषांची गेलिक संघटना, बायकांच्या गेलिक फुटबॉलची संघटना आणि कमोगीची संघटना या तिन्ही २०२७पर्यंत एक व्हाव्यात असा प्रयत्न चालू आहे, आणि त्याच्या समितीवर माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकालीस आहेत. एकत्र आल्यावर मैदानं आणि पैसा वाटून मिळेल अशी आशा आहे. बायकांच्या हातची संघटना मोठ्या घरात विरून जाईल अशी धास्तीही आहे. स्कोर्टचं प्रकरण झाल्यावर दोन्ही बाजूंना नवं बळ मिळालं असणार.

आणि ॲशच्या झाडांवर रोग आहे. २०१२ साली एक बुरशी आयर्लंडमध्ये पहिल्यांदा सापडली, आणि तेव्हापासून देशभरची ॲशची झाडं वाळत चालली आहेत. हर्ली बनवणारे आता बाहेरून लाकूड आणतात, बांबूच्या आणि कृत्रिम धाग्यांच्या काठ्या करून पाहतात. बोंडअळीनं गाव कसं हादरतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या परिच्छेदाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. या पुस्तकात त्यावर एक छोटं प्रकरण आहे. ते मोठं असायला हवं होतं.

राहिला अंतिम सामना. १० ऑगस्ट २०२५, पुन्हा कॉर्क आणि गॉलवे. कॉर्कला सलग तिसरं अजिंक्यपद हवं होतं. २०२३ साली त्यांनी वॉटरफर्डला धुऊन काढलं होतं. त्या दिवशी एकट्या एमी ओकॉनरनं तीन गोल केले. २०२४चं वर सांगितलंच. या वेळी पूर्वार्धातच कॉर्कच्या हॅना लूनीला लाल कार्ड मिळालं, आणि चौदा जणींनी उरलेला सामना लढवायचा होता. त्यांनी लढवलाही. अगदी शेवटी गुण बरोबरीत होते. गॉलवेला फ्री, म्हणजे मोकळा फटका मिळाला, कॅरी डोलन पुढे आली आणि तिनं चेंडू दांडीवरून पाठवला. गॉलवे १-१४, कॉर्क १-१३. गॉलवेचा हा पाचवा कप. पहिला त्यांनी १९९६ साली जिंकला होता.

वाचकाला हंगाम क्रमानं वाचायचा असेल तर लीगपासून सुरुवात करावी. घाई असेल त्यानं मे महिन्याचं आणि ऑगस्टचं अशी दोन प्रकरणं आधी घ्यावीत. क्रीडाशिक्षकांनी मात्र शेवटच्या नियमांच्या परिशिष्टाकडे जरूर वळावं. पंधरा काठ्या आणायची गरज नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोरींना लाकडी फळी आणि रबरी चेंडू देऊन शाळेच्या पटांगणात अर्धा तास खेळवता येईल, एवढं सोपं करून ते मांडलं आहे. दांडीवरून गेलेला चेंडू कितीही उंच गेला तरी गुण द्यायचाच, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.